नऊ सेंटीमीटरच्या कुंडीतला वाफसा

म्युनिकमध्ये मिरचीचे बी फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पेरावे लागते, आणि रोपे बाल्कनीत कायमची न्यायला मे महिन्याचा मध्य उलटू द्यावा लागतो. ११ ते १५ मे या दिवसांना इथे ‘आइसहायलिगे’, म्हणजे बर्फाचे संत, असे म्हणतात. त्यांतला शेवटचा दिवस ‘थंड सोफी’चा. ती गेल्याशिवाय मिरची, टोमॅटो, वांगे बाहेर ठेवायचे नाही असे इथली जुनी माणसे बजावून सांगतात, कारण तोवर एखाद्या रात्री पारा शून्याखाली उतरून कोवळे रोप करपण्याची भीती असते. त्यामुळे मिरचीसारख्या उष्ण प्रदेशातल्या पिकाचे बालपण इथे तीन महिन्यांहून अधिक काळ घरातच जाते. खिडकीची फळी, वर एलईडीची पट्टी, खाली रेडिएटर आणि कुंडीच्या बुडाशी थाळी एवढेच त्याचे जग असते. या काळात रोपाला जे मूळ मिळते त्यावर पुढचा सगळा हंगाम उभा राहतो, आणि ते मूळ कसे होणार हे खतावर किंवा बियाण्याच्या जातीवर ठरते त्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी कसे दिले यावर ठरते. हे मला पटायला तीन हंगाम लागले. म्हणून ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

मी तासगाव तालुक्यातली. घरची द्राक्षबाग असल्यामुळे पाणी हा विषय आमच्या घरात जेवणाच्या ताटावरही निघत असे. तरीही २०२१ साली जेव्हा मी पहिल्यांदा केयेन जातीच्या मिरचीचे तीस बी ट्रेमध्ये पेरले, तेव्हा ते सगळे ऐकलेले विसरून मी रोज सकाळी चहा ठेवला की नळाचे थोडेथोडे पाणी प्रत्येक कप्प्यात ओतत असे. सव्वीस रोपे उगवली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दोन रोपे आडवी पडलेली दिसली. भिंगातून पाहिले तेव्हा पाने अजून हिरवी आणि टवटवीत होती, पण मातीला लागून असलेला खोडाचा भाग ओल्या दोऱ्यासारखा बारीक, तपकिरी आणि पिळवटलेला झाला होता. चार दिवसांत एकोणीस रोपे गेली. आपल्याकडे भाजीपाल्याच्या रोपवाटिकांत याला ‘रोपे कोलमडणे’ म्हणतात आणि मिरची, टोमॅटो, वांगी करणारा प्रत्येक शेतकरी हा प्रकार ओळखतो. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरशी आणि बुरशीसारख्या जीवांचे हे काम असते. त्यांपैकी पिथियमचे चल बीजाणू मातीच्या कणांमधल्या पाण्यातून अक्षरशः पोहत मुळांपर्यंत पोहोचतात. मी रोज सकाळी त्यांच्यासाठी पाण्याची वाट तयार करून देत होते.

त्या संध्याकाळी मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, व्हिडिओवर ट्रे दाखवला. त्यांनी रोपांकडे पाहिलेच नाही. ते म्हणाले, “पोरी, माती जवळ धर. काळीभोर दिसतीय, चकाकतीय. ही वाफशावर आलीच नाही कधी. वाफसा नसताना आपण बैलसुद्धा रानात घालत नाही, आणि तू पाणी घालतीयस?”

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तो एका मुठीएवढ्या कुंडीला लागू होतो हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. पाऊस पडून गेल्यावर किंवा पाणी दिल्यावर जमिनीतले जादा पाणी निथळून जाते, मातीच्या कणांभोवती ओल टिकून राहते आणि कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांत पुन्हा हवा शिरते. ओल आणि हवा दोन्ही एकाच वेळी हजर असलेली ती स्थिती म्हणजे वाफसा. रानात तो ओळखण्याची रीत सोपी आहे. मूठभर माती दाबली तर तिचा लाडू वळला पाहिजे, आणि तो लाडू कमरेच्या उंचीवरून सोडला तर जमिनीवर फुटला पाहिजे. वळलाच नाही तर माती कोरडी आहे, आणि पडूनही न फुटता चपटा झाला तर अजून चिखल आहे. एवढी सगळी गोष्ट आपण एका शब्दात सांगतो. माझ्या जर्मन शेजारणीला ती समजावून देताना मला चार वाक्ये लागली आणि तिने तो शब्द वहीत लिहून घेतला.

मूळ पाणी पिते हे सर्वांना ठाऊक असते, पण मूळ श्वासही घेते हे आपण सहज विसरतो. पानांत प्रकाशसंश्लेषण होते. मुळांना मात्र वरून आलेली साखर जाळून ऊर्जा मिळवावी लागते आणि त्यासाठी ऑक्सिजन लागतो. हा ऑक्सिजन मातीतल्या हवेच्या पोकळ्यांतून येतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण हवेत ऑक्सिजन जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट कमी वेगाने तो पाण्यातून पसरतो. गुदमरलेले मूळ वाढ थांबवते आणि थोड्याच काळात पाणी शोषण्याचे कामही नीट करू शकत नाही. मग भरपूर पाण्यात उभे असलेले रोप माना टाकते, घरातले माणूस ते तहानलेले आहे असे समजून आणखी पाणी घालते, आणि उरलेली हवाही संपते. माझ्या सात वाचलेल्या रोपांपैकी तिघांना मी असेच मारले.

पाण्याचा बहुतेक भार ज्यांच्यावर असतो ती केशमुळे अतिशय नाजूक असतात. मुळाच्या टोकापासून थोड्या अंतरावर, जिथे नवी वाढ नुकतीच झालेली असते, तिथे ती फुटतात आणि काही दिवस किंवा काही आठवडे जगून झडतात. म्हणजे रोपाला सतत नवे मूळ काढत राहावे लागते, तरच त्याचे पिणे चालू राहते. द्राक्ष आणि डाळिंबवाले ‘पांढरी मुळी चालते का’ असे विचारतात ते याच अर्थाने. खोडाजवळचे तपकिरी, जुने मूळ रोपाला धरून ठेवते, पण खाणेपिणे पांढऱ्या मुळीचे असते आणि ती फक्त वाफशातच चालते.

हे कळल्यावरही एक गोष्ट मला सुटत नव्हती. मी पाणी कमी केले होते, कप्प्यांना खाली भोके होती, पाणी निथळतही होते, आणि तरी बुडाची माती आठवडाभर चिखलासारखी राहत होती. त्याचे उत्तर मला भांडी घासण्याच्या स्पंजने दिले, आणि हा प्रयोग प्रत्येकाने एकदा मोरीत उभे राहून करून पाहावा असे मला मनापासून वाटते. आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवावा आणि आडवा, सपाट धरून ठेवावा. थोडे पाणी गळते आणि मग गळणे थांबते. आता न दाबता तोच स्पंज लांब कडेवर उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागते. ते थांबल्यावर त्याला सर्वांत अरुंद कडेवर उभा करावा. आणखी पाणी गळते. स्पंज तोच आहे, त्याची छिद्रे तीच आहेत, फक्त उंची बदलली. आडव्या स्पंजाच्या तळाशी जे पाणी धरून ठेवलेले होते ते केशाकर्षणामुळे तिथे होते, आणि गुरुत्वाकर्षण त्याला ओढून काढू शकत नव्हते.

कुंडीतल्या मातीचे अगदी असेच होते. निथळणे थांबल्यानंतरही तळाशी काही सेंटीमीटरचा पाण्याने पूर्ण भरलेला थर शिल्लक राहतो, आणि त्या थराची जाडी कुंडीच्या उंचीवर अवलंबून नसून माती किती बारीक आहे यावर अवलंबून असते. उंच कुंडीत हा थर खाली पडून राहतो आणि वर मुळांना पुरेशी मोकळी जागा मिळते. चार-पाच सेंटीमीटर खोल कप्प्यात मात्र हा थर जवळजवळ सगळा कप्पाच व्यापतो. रोपे वाढवण्याचा ट्रे उथळ असतो आणि बियांसाठीची माती बारीक चाळलेली असते, त्यामुळे सर्वांत कोवळ्या मुळांना आपण नकळत सर्वांत दमट जागी बसवतो. यावर उपाय म्हणून कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर घालायची जी सवय आपल्याकडे आणि इथेही आहे, तिचा उपयोग होत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही, त्यामुळे तो भरलेला थर खड्यांच्या वर सरकतो आणि मुळांची जागा उलट कमी होते. भोकावर एक खापरीचा तुकडा ठेवून माती वाहून जाण्यापासून रोखणे वेगळे. ते जरूर करावे. खरा उपाय मातीच मोकळी करण्याचा आहे. मी आता बियांच्या मातीचे दोन भाग आणि परलाइटचा, म्हणजे पांढऱ्या, हलक्या, सच्छिद्र खड्यांचा, एक भाग असे मिश्रण वापरते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरणाऱ्यांनाही परलाइट घालायला मी सांगेन, कारण कोकोपीट पाणी फार छान धरते, आणि बंद घरात तोच त्याचा दोष ठरतो.

आता पाणी केव्हा द्यायचे हा प्रश्न. माझा पहिला समज असा होता की वरची माती फिकट, कोरडी दिसली की पाणी द्यावे. हिवाळ्यात तापवलेल्या खोलीत हा समज घातक ठरतो. रेडिएटरमुळे हवा इतकी कोरडी झालेली असते की मातीचा वरचा अर्धा सेंटीमीटर दुपारपर्यंत पांढरट होतो आणि त्याखाली सगळे थबथबलेले असते. शिवाय फेब्रुवारीतला खिडकीतला उजेड कमी, रोपाला पाने दोन किंवा चार, त्यामुळे पानांतून बाहेर जाणारे पाणीही नाममात्र असते. डोळा वरचा कोरडेपणा पाहतो आणि हात आपोआप झारीकडे जातो.

म्हणून मी डोळ्याऐवजी वजनावर विश्वास ठेवायला शिकले. दुसऱ्या हंगामात मी स्वयंपाकघरातला पिठाचा काटा खिडकीशी आणून ठेवला. माझ्या मिश्रणाने भरलेली नऊ सेंटीमीटरची चौकोनी कुंडी पाणी पूर्ण देऊन, निथळून झाल्यावर सुमारे ३८० ग्रॅम भरते. ती २२० ग्रॅमच्या आसपास आली की मातीचा लाडू वळत नाही, सुटा होतो. मी २४० च्या सुमारास पाणी देते. माझ्या मातीचे हे आकडे दुसऱ्या कोणाच्या मातीला लागू होणार नाहीत, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या मातीचे एक ओले आणि एक कोरडे वजन स्वतःच घेऊन ठेवले पाहिजे. तीन आठवडे रोज वजन केल्यावर काटा लागेनासा झाला. कुंडी दोन बोटांत उचलली की हाताला कळते. भाकरीचे पीठ किती मळले म्हणजे पुरे, हे जसे आईच्या हाताला कळते, तसेच हे आहे आणि ते तितकेच शिकण्यासारखे आहे.

या वजनांच्या नोंदी ठेवल्यामुळे आणखी एक गोष्ट दिसली. दोन पानांचे रोप असताना ३८० वरून २४० वर यायला नऊ-दहा दिवस लागत होते. आठ पाने झाल्यावर तेवढेच पाणी चार दिवसांत संपू लागले. म्हणजे ‘दर तीन दिवसांनी पाणी द्या’ असा कोणताही नियम रोपाच्या एका वयात बुडवणारा आणि दुसऱ्या वयात उपाशी ठेवणारा ठरतो. एखाद्या कुंडीचे वजन उतरण्याचा वेग अचानक मंदावला, तर आत मुळांचे काहीतरी बिघडले आहे हेही पानांवर दिसण्याआधी काट्यावर दिसते.

पाणी द्यायचे ठरले की मात्र हात आखडू नये. दोन-दोन चमचे रोज हा प्रकार दिसायला काळजीचा वाटतो, पण त्याने वरचा बोटभर थरच ओला राहतो, मुळे तिथेच गुंतून बसतात, आणि वर ओली, खाली कोरडी अशी विचित्र माती तयार होते. सगळी माती एकदा पूर्ण भिजवावी, जादा पाणी निघून जाऊ द्यावे, आणि मग वजन उतरेपर्यंत रोपाला अजिबात हात लावू नये. या मधल्या दिवसांत मातीतले पाणी जसजसे कमी होते तसतशी वरून हवा आत खेचली जाते आणि पांढरी मुळी त्या वाटेने खाली उतरते.

रोपे लहान असताना मी पाणी बहुतेक वेळा खालून देते. पसरट थाळीत दोन सेंटीमीटर पाणी घ्यायचे, कुंड्या त्यात ठेवायच्या, आणि वरची माती गडद होऊ लागली की, साधारण पंधरा-वीस मिनिटांत, उचलून जाळीवर निथळत ठेवायच्या. थाळीत उरलेले पाणी ओतून टाकायचे. कुंडी रात्रभर त्यात बसून राहिली तर सगळी मेहनत वाया जाते. खालून पाणी दिल्याने खोडाची जागा कोरडी राहते, बारीक रोप पाण्याच्या धारेने लवंडत नाही, आणि एकदा पूर्ण वाळून पाणी झिडकारू लागलेली पीटची, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींची, माती पुन्हा भिजवण्याचाही हाच एक खात्रीचा मार्ग आहे. अशा वाळलेल्या मातीवर वरून पाणी ओतले तर ते कुंडीच्या कडेने सरळ खाली जाते, आपण पाणी दिले असे आपल्याला वाटते, आणि मुळांचा गड्डा आत कोरडाच राहतो.

हे करताना मला दरवेळी नवरात्रातला घट आठवतो. परडीत शेतातली माती, तीत मिसळलेले धान्य आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट. त्याच्या अंगातून पाणी पाझरते आणि माती हवी तेवढीच ओली राहते. आम्ही मुले देवघरात जाऊन वरून तांब्याने पाणी घालायला बघत असू, तेव्हा आजी हात धरायची आणि म्हणायची, “घट कुजवाल रे, त्याला त्याचं पितं राहू द्या.” घरात, मंद उजेडात, नऊ दिवस रोप वाढवण्याची ही आपल्याकडची रीत मी डोळ्यांनी पाहिलेली होती, आणि तिच्यात पाणी कसे द्यायचे हेही सांगितलेले होते.

खालून पाणी देण्याचा एक तोटा आहे. पाणी वर चढते, वाफ होऊन उडते आणि त्यातले क्षार वरच मागे राहतात. म्युनिकचे पिण्याचे पाणी मोठ्या प्रमाणात आल्प्सच्या पायथ्याकडच्या मांगफाल खोऱ्यातून येते. ते चवीला उत्तम आहे, पण चुन्यामुळे चांगलेच कठीण आहे, आणि कुंडीच्या वरच्या मातीवर महिन्याभरात पांढरी साय धरते. म्हणून दर तीन-चार वेळांनंतर एकदा मी वरून, बारीक झारीने, तळातून पाणी वाहीपर्यंत पाणी देते. पाणी आदल्या रात्री भरून खोलीत ठेवलेले असते. हिवाळ्यात इथल्या नळाचे पाणी हाताला झोंबते इतके गार असते, आणि मिरचीचे बी ज्या पंचवीस-अठ्ठावीस अंश उबेत आनंदाने रुजते ती ऊब एका तांब्याने घालवणे मला पटत नाही.

इथे एका लोकप्रिय समजाबद्दल लिहिले पाहिजे. ‘रोपाला तहान लागू द्या, म्हणजे मुळे पाण्याच्या शोधात खोल जातील’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की एका हंगामात मी त्याप्रमाणे वागूनही पाहिले. त्यात अर्धे सत्य आहे. माती थोडी कोरडी होऊ लागली की रोप वरची वाढ आवरते आणि मुळांची वाढ तुलनेने चालू ठेवते. मुळांचे टोक ओलीच्या दिशेने वळते हेही खरे. पण पूर्ण वाळलेल्या मातीत मूळ शोध घेत फिरत नाही. तिथे ते थांबते आणि केशमुळे मरतात. आबा बागेला ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात, संत्र्या-डाळिंबाच्या बागांतही बहर धरण्यासाठी ताण देतात, पण तो वाढलेल्या झाडाला, ठरावीक हंगामात, विशिष्ट हेतूने दिलेला असतो. सहा पानांच्या रोपाला ताण द्यायची भाषा मी त्यांच्यापुढे केली तेव्हा ते जरा चिडले. म्हणाले, “तान्ह्याला उपास घालतात व्हय?” ज्या कुंड्या मी त्या वर्षी पाने लोंबेपर्यंत कोरड्या ठेवल्या, त्या मी पुढे कुंडी बदलताना उलट्या करून पाहिल्या. कडेला मोजकी, जाड, तपकिरी मुळे होती आणि मधली माती भुरभुरत गळून पडली. वाफशावर ठेवलेल्या शेजारच्या कुंडीतला गड्डा अखंड निघाला, चारही बाजूंनी पांढऱ्या दोऱ्यांनी विणलेला, आणि त्याला पहिल्या पावसानंतर येतो तसा वास होता. सडलेल्या मुळांना आंबट, गटारासारखा वास येतो. नाकाला हा फरक लगेच कळतो.

माना टाकलेल्या रोपाकडे पाहून ते तहानलेले की बुडालेले हे ओळखण्याची माझी रीत अशी आहे. तहानलेल्या रोपाची पाने पातळ, मऊ, कापडासारखी लागतात आणि कुंडी उचलली की हलकी असते. पाणी दिल्यावर तासा-दोन तासांत ते उभे राहते. बुडालेल्या रोपाची पाने जाडसर, जड, खाली वळलेली असतात, खालची पाने पिवळी पडू लागलेली असतात आणि कुंडी जड असते. टोमॅटोत हे विशेष स्पष्ट दिसते. मुळे गुदमरली की तिथे तयार होणारे एक द्रव्य वर चढते, पानांत त्याचा इथिलीन नावाचा वायू होतो आणि देठ खालच्या बाजूला वाकतात, जणू कोणी पाने दाबून धरली आहेत. अशा वेळी पाणी थांबवावे, कुंडी जुन्या वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवावी म्हणजे तळाचे थोडे पाणी कागद ओढून घेतो, आणि जवळ छोटा पंखा मंद लावावा. खत तर अजिबात देऊ नये. त्या काळात खत देण्याची इच्छा फार होते, आणि माझी शेवटची दोन आजारी रोपे त्याच इच्छेपायी गेली.

मातीतून उडणाऱ्या बारीक काळ्या माश्या हाही ओल्या मातीचाच रोग. त्यांच्या पारदर्शक अळ्या वरच्या थरातली कोवळी मुळे खातात. पिवळे चिकट कागद उडणाऱ्या माश्या पकडतात, अळ्यांसाठी डासांविरुद्ध वापरतात ती बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस जातीची जिवाणू पावडर पाण्यातून देता येते; पण खालून पाणी देऊन वरचा थर कोरडा ठेवायला लागल्यापासून मला दोन्हींची गरज क्वचितच पडली आहे.

कुंडी बदलण्याचा पाण्याशी थेट संबंध आहे. एवढेसे रोप एकदम दहा लिटरच्या कुंडीत लावले तर त्याची मुळे एका कोपऱ्यातले पाणी पितात आणि बाकीची माती आठवडेच्या आठवडे ओली, हवाबंद राहते. म्हणून कप्प्यातून नऊ सेंटीमीटरच्या कुंडीत, मुळे भोकांतून डोकावू लागली की दोन-तीन लिटरच्या कुंडीत, आणि बाल्कनीत जाताना दहा लिटरच्या, अशा पायऱ्यांनी मी जाते. प्रत्येक बदलाच्या आदल्या दिवशी पाणी देते, म्हणजे गड्डा फुटत नाही आणि रोप भरल्या पोटी नव्या जागी जाते. लावल्यावर एकदा पूर्ण भिजवते आणि मग नेहमीपेक्षा जास्त दिवस वाट पाहते. रोप उचलताना पानाला धरावे, खोडाला नाही. पान गेले तर दुसरे येते. टोमॅटो लावताना खोड खोल पुरले तर पुरलेल्या भागाला मुळे फुटतात, मिरचीला तशी फारशी फुटत नाहीत, त्यामुळे मिरची मी होती त्याच पातळीला लावते.

एप्रिलच्या शेवटी रोपांना बाहेरची सवय लावायला सुरुवात होते. पहिल्या दिवशी सावलीत एक तास, मग दोन, मग थोडे ऊन, रात्री परत आत. या दहा-बारा दिवसांत खोलीतला सगळा हिशोब मोडतो. वाऱ्यामुळे जी कुंडी आत चार दिवस टिकत होती ती बाहेर दीड दिवसात हलकी होते, आणि मग सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा उचलून पाहावे लागते. यंदा तीस बियांपैकी सत्तावीस रोपे या टप्प्यापर्यंत आली. सोळा शेजाऱ्यांना आणि मित्रांना दिली, प्रत्येकाला कुंडी हातात देताना आधी ती जड असताना आणि मग एक कोरडी कुंडी उचलून पाहायला लावली. सांगण्यासारखे बाकी फार नव्हते.

१६ मेच्या सकाळी उरलेली अकरा रोपे दहा लिटरच्या कुंड्यांत लावण्याआधी मी एक गड्डा आबांना व्हिडिओवर चारही बाजूंनी फिरवून दाखवला. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “मुळी चाललीय. काल पाणी दिलंतंस ना?” मी हो म्हटले. “मग आता लावून भिजव, आणि चार दिवस बघायचं नाही तिकडं.” मी तीन दिवस थांबले, चौथ्या दिवशी कुंडीखाली हात घालून पाहिला. जड होती. पाणी पाचव्या दिवशी दिले.